पाय थांबवण्याची विद्या

"...पण पाय थांबवायचे कसे, माय?"

तोमासाने काठीवर टेकलेली हनुवटी उचलली.

या अंगणात नाच शिकायला येणाऱ्या मुलींनी तिला आजवर पुष्कळ काही विचारले होते. गिरकीत घागरा फुलावा कसा, दम कुठे घ्यावा, बासरीवाल्याने सूर लांबवला तर पाऊल कुठे ठेवावे. पाय थांबवण्याची विद्या कोणी मागितली नव्हती.

शिवाय मागणारी होती बेनिता. तळ्याकाठच्या त्या पठारावर तिच्यासारखी नाचणारी दुसरी नाही, असे गाव म्हणत असे. बेनिताचेही मत तेच होते.

"पुन्हा विचार," तोमासा म्हणाली.

"पाय हलू नयेत म्हणून काय करायचं?"

"बसून राहायचं."

"बसलेच होते." बेनिताने काळी शाल गळ्याशी आवळली. "काल पलीकडच्या टेकडीवर तालीम चालली होती. मी चुलीपाशी बटाटे सोलत होते. बासऱ्या सुरू झाल्या, आणि..."

"आणि?"

"हलले."

"कोण?"

"पाय! घागऱ्याखाली. मला न विचारता. नणंदेनं पाहिलं आणि हसली."

"वाईट हसली?"

"चांगली हसली. तेच तर वाईट."



अँडीजच्या त्या उंच पठारावर बटाट्याला फूल येते तेव्हा कार्निव्हल असतो. लोक बासऱ्या आणि ढोल घेऊन शेतात उतरतात आणि फुललेल्या वाफ्यांभोवती फेर धरतात. झाडांनी तो नाच पाहावा आणि मातीखाली जोमाने वाढावे, अशी समजूत आहे. बटाटे पाहतात याचा पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. फेर मात्र दर वर्षी धरला जातो, आणि आज तो दिवस होता.

त्या गावाची दुसरीही एक रीत आहे. नवरा गेला की बाई काळी शाल घेते आणि वर्षभर फेरात पाऊल टाकत नाही. वर्ष भरले की नवऱ्याच्या घरची माणसे ती शाल आपल्या हातांनी उतरवतात, रंगीत शाल घालतात आणि लगेच तिला नाचायला उभी करतात. ती नाचली की दुखवटा संपला. तोवर मेलेला माणूस गावाच्या वाटेवर घुटमळत राहतो, असे म्हणतात. हे खरे मानायचे की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे. शाल खरी होती. जाड लोकरीची आणि चांगलीच जड.

बेनिताचा नवरा सिप्रियान जाऊन वर्ष भरले होते.

"लंगडतेस कशानं?" तोमासाने विचारले.

"नाही लंगडत."

"फाटकातून आलीस तेव्हा लंगडत होतीस."

बेनिताने मान वळवली. "चपलेत खडे घातलेत."

"मुद्दाम?"

"पायांना आठवण राहावी म्हणून."

"राहिली?"

ती गर्विष्ठ होती, पण खोटे बोलणारी नव्हती.

"पायांना खडे आठवतात," ती म्हणाली. "सिप्रियान नाही."

तोमासा हसली नाही. तिने काठीचे टोक पुढे करून बेनिताच्या टायरच्या चपलेला लावले.

"काढ ते. माझ्या अंगणात आधीच काही कमी नाहीत."

बेनिताने खाली बसून चपला उलट्या केल्या. खडे टणटणत दगडी फरशीवर पडले. त्यांतले काही चांगलेच अणकुचीदार होते. तिने ते निवडून घेतले असणार, हे उघड होते.

"आता नीट सांग. हवंय काय तुला?"

"दुपारी सासरची माणसं मला उभी करतील. नाही म्हटलं तर नणंद रडेल आणि सासरा हातातला पेला तसाच खाली ठेवील. तेव्हा मी उभी राहीन. पावलं सगळी टाकीन. एकही चुकणार नाही, तुला ठाऊक आहे. पण आत काही हलता कामा नये. तेवढं शिकव."

"किती काळासाठी?"

"जन्मभरासाठी."

"जन्मभराचं शिकवायचं तर सकाळपासून यायला हवं होतंस, पोरी. ऊन बघ कुठं आलंय."

"थट्टा नको, माय."

"बरं."

"दुसऱ्या बायका शाल उतरली की आठवड्याच्या बाजारात जाऊन खो खो हसतात. पलीकडच्या आळीतली ती आसुंता... नवरा जाऊन वर्ष झालं त्याच दिवशी टोपीला नवी फीत लावून आली होती. मी तशी नाही."

हे बोलताना तिची मान ताठ होती. फेराची म्होरकी म्हणून ती सर्वांच्या पुढे चालत असे तेव्हा ठेवायची, अगदी तशी.

"नाहीस तशी," तोमासा म्हणाली. "आसुंताला गिरकी धड येत नाही."

"माय!"

"खरं तेच सांगतेय."

बेनिताचा राग आता थेट म्हातारीवर वळला. तिने तोमासाला टोपीपासून पायापर्यंत पाहिले. तोमासाच्या अंगावर हिरवी चोळी होती, गुलाबी घागरा होता, त्याखाली पिवळा आणि त्याखालीही कुठला तरी. गावात त्यावरून विनोद होत असत आणि तोमासा ते मन लावून ऐकत असे.

"तुझं कोणी गेलं नाही का कधी? तू कुणासाठी काळं घातलंस?"

म्हातारीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नावं सांगत बसले तर सण निघून जाईल," ती म्हणाली. "चल, दाखव. काहीही न हलवता कशी नाचशील?"

"इथं? शाल अंगावर असताना?"

"इथं कोण बघतंय? मी आणि कोंबड्या."

बेनिता अंगणाच्या मध्यावर गेली. तोमासाने काठीने फरशीवर ठेका धरला.

आणि बेनिता नाचली.

ते पाहणाऱ्याला दोष दाखवता आला नसता. पाऊल जिथे पडायला हवे तिथेच पडत होते. गिरकी पूर्ण होती आणि वेळेवर होती. वळणावर फेराला वाट करून द्यायला डावा हात उचलावा लागतो, तो नेमका तेवढाच उचलला गेला. तिचा चेहरा मात्र मिटलेल्या दारासारखा होता, आणि पाठीवरच्या दोन वेण्यासुद्धा हलत नव्हत्या.

काठी थांबली.

"एकही चूक नाही," तोमासा म्हणाली.

"नाहीच."

"मग हा नाच सिप्रियानसाठी नाही."

"का?"

"त्याला ओळखू यायचा नाही. तुम्ही दोघं नाचलात आणि चूक झाली नाही, असं एकदा तरी घडलं होतं?"



सिप्रियानला नाचता येत नव्हते. हे मत नव्हते, सर्वमान्य वस्तुस्थिती होती. तो खाणीत काम करी, सुट्टीत घरी येई, आणि पठारावरच्या सर्वांत चांगल्या नाचणारीचा नवरा असल्यामुळे दर कार्निव्हलला त्याला फेरात तिच्या शेजारी उभे राहावे लागे. फेर उजवीकडे वळला की तो डावीकडे जाई. मग एका वर्षी तो खाणीतून खोकला घेऊन परतला, आणि पुढच्या वर्षी बटाट्याला फूल असतानाच गेला.

तोमासाने काठी भिंतीला टेकवली. कण्हत, गुडघे धरत ती उठली.

"माय, पडशील."

"गप्प."

तिने दोन्ही कोपरे बाहेर काढली, खांदे कानांपर्यंत उचलले आणि ओठ हलवत मनातल्या मनात पावले मोजू लागली. एक पाऊल पुढे आले. दुसरे विचारात पडले. मग तिने भलत्याच बाजूला गिरकी घेतली, नसलेल्या कुणाच्या तरी घागऱ्यावर पाय दिला आणि वाकून क्षमा मागितली, तीही दुसऱ्याच बाजूला उभ्या असलेल्या कोंबडीची.

बेनिताच्या कपाळाला आठी पडली.

"असं नाही," ती म्हणाली.

"असंच नाचायचा."

"नाही. तू चुकतेस." बेनिता एक पाऊल पुढे आली. "तो पाय दिल्यावर माफी मागत नसे. आधी मागायचा."

"आधी?"

"वळण यायच्या आधी. त्याला ठाऊकच असायचं. हे असं." तिने कोपरे बाहेर काढली. "आधी माझ्याकडे बघायचा. मग म्हणायचा, बेनिता, माफ कर. आणि मग..."

तिने वळण घेतले, उलट्या बाजूला. पाय स्वतःच्याच घागऱ्यावर पडला, शाल खांद्यावरून घसरली, तोल गेला आणि ती भिंतीच्या आधाराने कशीबशी उभी राहिली. चेहऱ्यावर सिप्रियानचेच भाव होते: मोठे संकट टळल्याचे समाधान.

आणि ती हसली. मोठ्याने, पोट धरून.

मग तिने तोंडावर हात दाबला.

"माय..."

"ऐकलं."

"मी हसले. आज."

"हं."

बेनिता भिंतीला टेकून खाली बसली. शाल तिने पुन्हा अंगाभोवती ओढून घेतली. तोमासाही हळूहळू तिच्या शेजारी बसली. बसायला तिला बराच वेळ लागला.

खालून, शेतांच्या बाजूने, ढोल वाजू लागला होता. बासऱ्या अजून एकेकट्या वाजत होत्या. कोणी तरी मोठ्याने कुणाला तरी हाका मारत होते.

"मला भीती वाटते," बेनिता म्हणाली. आता तिची मान ताठ नव्हती. "आज नाचले तर उद्या त्याचा खोकला विसरेन. तो विसरलाच पाहिजे, असं तू म्हणशील."

"मी काही म्हटलं नाही."

"मग आवाज विसरेन. मग हे... हे माफी मागणं." ती थांबली. "आम्हाला मूल झालं नाही, माय. नणंदेला तिची मुलं आहेत, तिचे दिवस जातात. सासरा बोलतच नाही. सिप्रियानसाठी कुणी तरी रडत राहायला हवं ना? मी थांबले तर त्याच्यासाठी रडणारं कोणीच उरत नाही."

तोमासाने तिच्याकडे पाहिले.



तेवढ्यात फाटक वाजले. सिप्रियानची थोरली बहीण एर्लिंदा आत आली. तिच्या टोपीवर बटाट्याची जांभळी फुले खोचलेली होती, कार्निव्हलच्या रिवाजाप्रमाणे गालांना पीठ फासलेले होते आणि काखेत एक गाठोडे होते.

"बेनिता! इथं लपलीस होय? तिकडे सगळं गाव मका उकडून बसलंय."

"लपले नाही."

"मग काय कोंबड्या राखतेस? माय, हिला पाठव की. पुढं कोणी नाही म्हणून बासरीवाले नुसतेच घसे... बासऱ्या साफ करत बसलेत."

"मी धरून ठेवलेली नाही तिला," तोमासा म्हणाली.

एर्लिंदाने गाठोडे सोडले. आत तांबडी शाल होती. कडेला हिरवे पट्टे होते आणि पट्ट्यांत विणलेली छोटी छोटी फुले. नवी होती. विणायला सगळा हिवाळा गेला असणार.

"बघ. काठाला तुझा आवडता हिरवा घातलाय. आता फार नखरे करू नकोस, हं." ती बेनितासमोर गुडघे टेकून बसली. "ये. उतरवू दे."

काळी शाल गळ्याशी एका मोठ्या पितळी पिनेने अडकवलेली होती. एर्लिंदाने पिनेला हात लावला.

बेनिताने पीन मुठीत धरली.

"बेनिता."

मूठ सुटली नाही.

"बेनिता, सोड."

"नाही."

एर्लिंदाने आधी हळू ओढले, मग जोराने. मग तिने हात काढून घेतला. पीठ फासलेल्या गालांवरून आता ओघळ उतरत होते.

"तो माझाही भाऊ होता," ती म्हणाली. "लहानपणी मी त्याला पाठीवर बांधून मेंढरांमागं हिंडलेय. मीही वर्षभर काळं वापरलं. काल ते उतरवलं, तळ्यावर जाऊन धुतलं. तुला वाटतं, धुताना मला काही झालं नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणतेस. रोज म्हणतेस. तोंडानं नाही म्हणत, एवढंच."

बेनिताचा चेहरा पडला. पण मूठ तशीच राहिली. खरे तर आता ती सोडावी असे तिलाही वाटत असावे; बोटे ऐकत नव्हती.

खाली फेर सुरू झाला.

तो नीट सुरू झाला नाही, हे वर बसूनही कळत होते. ढोल पुढे गेला, बासऱ्या मागे राहिल्या. वळणावर कोणी तरी कोणाला तरी धडकले. मोठा हशा झाला, ढोल थांबला. कोणी तरी ओरडले. ढोल पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा त्याच वळणावर अडखळला.

"डावा हात," बेनिता पुटपुटली. "कोणी डावा हातच उचलत नाही."

तिसऱ्यांदा ढोल सुरू झाला.

बेनिताचा उजवा पाय घागऱ्याखाली हलला. मग डावा.

तिघींनीही ते पाहिले.

"बघा," बेनिता म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "बघा या पायांना. लाज नाही त्यांना."

एर्लिंदा हसली नाही या वेळी.

तोमासा भिंतीचा आधार घेत उभी राहिली. बेनितासमोर आली. दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे."

"काय?"

"शाल."

"माय, रीत आहे," एर्लिंदा घाईने म्हणाली. "सासरच्या माणसानं उतरवायची असते."

"मी उतरवत नाही, बाई. मी मागतेय."

एक कोंबडी फरशीवरच्या खड्यांत दाणा शोधत होती.

बेनिताने म्हातारीच्या हातांकडे पाहिले. ते पुढे केलेलेच होते.

"तुला कशाला हवी?" तिने विचारले.

तोमासाने हात तसेच ठेवले.

बेनिताची मूठ उघडली. पीन सुटली. एर्लिंदाने पुढे होऊन शाल तिच्या खांद्यांवरून काढली, घडी न करता, तशीच, आणि म्हातारीच्या हातांवर ठेवली. तिच्या वजनाने तोमासाचे हात खाली झुकले.

म्हातारीने ती झटकली. हिरव्या चोळीवर, गुलाबी घागऱ्यावर पांघरली. गळ्याशी पीन लावली, नीट बसली की नाही ते चाचपून पाहिले. मग ती दाराशेजारच्या दगडी बाकावर जाऊन बसली, तोंड शेताकडे न करता भिंतीकडे करून.

एर्लिंदाने तांबडी शाल बेनिताच्या पाठीवर टाकली. बेनिता उभी राहिली. तिची नजर बाकावरून हलत नव्हती.

"माय," ती म्हणाली, "हे काय करतेस?"

काळ्या शालीतून तोमासाचा आवाज आला.

"जा. तू नाचून येईपर्यंत मी रडते."